कोळशानंतरची जमीन कोणाची?

चंद्रपूर जिल्ह्यात एक कोळसा खाण शंभर वर्षांपूर्वीच बंद झालेली आहे, हे आज फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. वरोऱ्याला इंग्रज सरकारने १८७०च्या दशकात खाण सुरू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली आणि तीसेक वर्षं कोळसा काढून १९०६मध्ये ती बंद केली. तोवर दक्षिणेला बल्लारपुरात नव्या खाणीचं काम लागलं होतं. त्यामुळे धंदा थांबला नाही, जागा बदलून पुढे सरकला. वरोरा मात्र ओस पडलं नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे रेल्वे जागेवर राहिली. आसपासच्या काळ्या जमिनीतला कापूस त्या रुळांवरून जात होता, तो खाण मिटल्यावरही जात राहिला. पुढे तोच मार्ग बल्लारशाहवरून दक्षिणेला जोडला गेला आणि दिल्ली–चेन्नई या मुख्य मार्गाचा भाग झाला. खाणवाल्यांनी मागे ठेवलेली ती एक वस्तू कुणालाही वापरता येण्याजोगी होती. गावाला दुसरा व्यवसाय धरता आला तो तिच्या जोरावर. आज चंद्रपुरात औष्णिक विजेनंतर काय, अशी चर्चा होते तेव्हा पहिला प्रश्न असतो तो कारखान्यांचा आणि नोकऱ्यांचा: कोळशाच्या जागी कोणता उद्योग येणार, किती जणांना कामावर घेणार? वरोऱ्याचा अनुभव वेगळा प्रश्न विचारायला लावतो. खाण आणि वीज केंद्र जाताना जी जमीन, जे पाणी आणि जो पैसा मोकळा होईल, तो कोणाच्या नावावर राहील?

माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर आधी ठरलं नाही, तर उद्योगाचं उत्तर कितीही चांगलं असलं तरी ते इथल्या माणसांचं असणार नाही. आणि उत्तर शोधायला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. चंद्रपूरहून मूल, सावली करत वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली मागे टाकून पूर्वेला गेलं की धानोरा तालुका लागतो. तिथल्या जंगलातल्या गावांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे करून दाखवलं, ते कोळसापट्ट्याच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे, जरी धानोऱ्यात कोळशाची एकही खाण नसली तरी. १९८२च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला आणि पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. तेव्हापासून एकाच जुन्या चांदा जिल्ह्याचे हे दोन भाग दोन वेगळ्या वाटांनी गेले. एकाने जमिनीखालचं विकलं आणि दुसऱ्याने जमिनीवरचं, पण या दोन्ही विक्रीत पहिली कित्येक वर्षं गावाला विचारलं जात नव्हतं. धानोऱ्यात हे बदललं आणि चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात बदललं नाही, म्हणून ही तुलना करायची.

पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. कोळसा कुठे बंद होतोय? २०२४–२५मध्ये देशाचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं. २०२१च्या ग्लासगो परिषदेत भारताने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला, पण त्याच परिषदेत कोळसा ‘बंद करू’ ऐवजी ‘कमी करत नेऊ’ अशी शब्दरचना व्हावी म्हणून आग्रहही धरला. चंद्रपूर केंद्रात पहिले दोन संच मोडीत निघाले खरे, पण त्यांच्या जागी ५०० मेगावॉटचे दोन नवे संच आले आणि आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. मग आत्ताच ही चिंता कशाला? कारण कोळशाचं उत्पादन आणि कोळशातला रोजगार या दोन गोष्टींनी केव्हाच एकमेकींची साथ सोडली आहे. या शतकाच्या सुरुवातीला कोल इंडियाकडे सुमारे पाच लाख कायम कामगार होते. आज ते सव्वादोन लाखांच्या घरात आहेत, आणि याच काळात कंपनीचं उत्पादन दुपटीहून अधिक झालं. भूमिगत खाणी मागे पडल्या, खुल्या खाणी आल्या, मोठे डंपर आणि शॉवेल आले, आणि माती उपसण्यापासून वाहतुकीपर्यंतची कामं कंत्राटदारांकडे गेली. कोल इंडियाची इथली उपकंपनी वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वेकोलि, तिच्या चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, माजरी या क्षेत्रांत हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं. शिवाय प्रत्येक खाणीला तिचं आयुष्य असतं. देशाचा कोळसा आणखी पन्नास वर्षं चालला तरी दुर्गापूरची किंवा सास्तीची खाण तेवढी चालेल असं नव्हे. देश कोळसा कधी सोडेल हा दिल्लीचा प्रश्न आहे. एखाद्या गावाला कोळसा कधी सोडून जाईल हा त्या गावाचा प्रश्न आहे, आणि त्याची तारीख बरीच अलीकडची आहे.

ती तारीख अचानक येते तेव्हा काय होतं, हे भद्रावती तालुक्याने पाहिलेलं आहे. बरांज इथली खुली खाण कर्नाटकातल्या बेल्लारीच्या वीज केंद्राला कोळसा पुरवत होती. सप्टेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले २१४ कोळसा पट्टे रद्द केले, त्यांत या खाणीचाही होता. मार्च २०१५ संपला आणि खाण थांबली ती काही वर्षं थांबूनच राहिली. ज्यांनी शेती देऊन नोकरी घेतली होती त्यांच्याकडे या काळात ना शेती होती ना पगार. निकाल भ्रष्टाचाराविरुद्ध होता आणि त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. पण खाण बंद झाल्यावर जमिनीचं काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून गावाला वाट पाहण्यापलीकडे काही करता आलं नाही. बीड जिल्ह्यातल्या परळीत कारण निराळं होतं. तिथलं वीज केंद्र दुष्काळाने आधी २०१३मध्ये आणि पुन्हा २०१५मध्ये पाण्याअभावी थांबवावं लागलं, जुने संच पुढे कायमचे गेले. न्यायालय असो, दुष्काळ असो की जुनाट यंत्रं, बंद होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यांतलं एकही हवामान परिषदेची वाट पाहत नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. कोळशासाठी जमीन घेतली जाते ती मुख्यतः १९५७च्या कोळसाधारी क्षेत्र अधिनियमाखाली. या कायद्याने जमीन सरकारकडे आणि तिथून कोळसा कंपनीकडे जाते, सर्व बोज्यांपासून मुक्त अशी. कोळसा काढून झाल्यावर ती मूळ मालकाला किंवा गावाला परत देण्याची वाट त्यात नाही. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकराला एक नोकरी असं गणित आहे, आणि या भागातल्या हजारो कुटुंबांनी ते मान्य करून सातबारा सोडला. नोकरी एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संपते. दोन एकर जमीन मात्र पुढच्या पिढीलाही लागते. हा व्यवहार करताना एका आयुष्याची कमाई आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मत्ता एकाच तागडीत तोलली गेली, आणि घरातल्या धाकट्या भावांना ते सर्वांत आधी कळलं. एप्रिल २०२२मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाणकामातून मोकळ्या झालेल्या अशा जमिनींच्या वापराचं धोरण मंजूर केलं. कोळसा आणि ऊर्जेशी निगडित प्रकल्पांना ती जमीन भाडेपट्ट्याने देता येईल, मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहील, असं ते सांगतं. म्हणजे कोळशानंतरच्या जमिनीचा विचार सरकारने सुरू केला आहे. त्या विचारात ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांना हक्काची जागा दिसत नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, खड्डे आणि मातीचे डोंगर परत घेऊन गाव काय करणार? हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण कोळसा कंपनीच्या ताब्यात फक्त खड्डे नसतात. वसाहती, कार्यशाळा, दवाखाने, रेल्वे सायडिंग, रस्ते, विजेची उपकेंद्रं आणि कधीच न खोदलेली पुष्कळ जमीन असते. या सगळ्याला उद्याच्या कोणत्याही व्यवसायासाठी किंमत आहे. कोळसा मिटल्यावर वरोऱ्याला तारून नेणाऱ्या रेल्वेसारखीच. खड्ड्यांत पाणी साठतं आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तिथे साठलेलं पाणी ही लहान गोष्ट नव्हे. आणि जे खरोखरच धोकादायक आहे त्याबद्दल तर गावाला अधिकार जास्तच हवेत. ऑगस्ट २०२२मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. सुदैवाने घरातली माणसं वेळेत बाहेर पडली, पण आजूबाजूच्या कितीतरी कुटुंबांना घरं सोडावी लागली. खाण बंद होते म्हणजे तिची जबाबदारी संपते असं नाही. जर्मनीतल्या रूर खोऱ्यात शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८मध्ये मिटली, तरी तिथल्या जुन्या बोगद्यांतलं पाणी कायम उपसत राहावं लागतं, नाहीतर खचलेल्या जमिनीवरची गावं बुडतील. त्या कायमच्या खर्चासाठी २००७मध्येच एक स्वतंत्र प्रतिष्ठान उभारलं गेलं. आपल्याकडे २००९पासून खाण बंद करण्याचे नियम आहेत. कंपनीने खुल्या खाणीसाठी त्या वेळच्या दराने हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी एक लाख रुपये या हिशेबाने वेगळ्या खात्यात पैसे ठेवायचे, असं त्यांत सांगितलं होतं. म्हणजे हजार हेक्टरच्या खुल्या खाणीमागे साठ कोटी. पण तो हिशेब मुख्यतः माती सारखी करणं, कुंपण, झाडं लावणं, इमारती पाडणं अशा कामांचा. आणि घुग्घुसच्या खाली आहेत तसल्या, इंग्रजांच्या वेळच्या पोकळ्यांसाठी असं खातं तर कधी उघडलंच गेलं नव्हतं.

आता पुन्हा धानोऱ्याकडे येऊ. त्या तालुक्यातलं मेंढा हे लेखाजवळचं गोंड आदिवासींचं छोटं गाव, शंभराच्या आसपास घरांचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्राला माहीत आहे, पण त्या घोषणेमागचं काम फार कमी लोकांनी नीट पाहिलं. आरंभ झाला ऐंशीच्या दशकात, इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध झालेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून. त्यानंतर गावातले देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि इतर गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास मंडळं चालवली, कायदे वाचले, आणि ग्रामसभेचा प्रत्येक निर्णय बहुमताऐवजी सर्वांच्या सहमतीने घ्यायचा शिरस्ता पाडला. २००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मेंढ्याला मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरी बांबू विकायला निघाल्यावर वाहतूक परवाना देण्यास वनविभाग तयार होईना. बांबू हे लाकूड आहे, गौण वनोपज नव्हे, असं त्याचं म्हणणं. कायद्यात हक्क मिळाला होता, पण माल गावाबाहेर नेण्याचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर होता. अखेर एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. त्यानंतर गावाने स्वतः निविदा काढल्या, स्वतः तोड केली आणि बांबूच्या विक्रीतून कोटीच्या घरातली रक्कम उभी केली. २०१३मध्ये गाव ग्रामदान कायद्याखाली आलं आणि लोकांनी आपापली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली.

मेंढा हे असामान्य गाव आहे, तिथे असामान्य माणसं होती, ते इतरत्र कसं जमणार, असं नेहमी म्हटलं जातं. पण गडचिरोली जिल्ह्यात त्यानंतर हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि त्यांतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, आणि बांबूच्या कामामुळे जी माणसं पूर्वी मजुरीसाठी परराज्यात जात ती गावात राहू लागली. तेव्हा हे एका गावाचं नवल उरलेलं नाही. त्याच बांबूसाठी आधी काय चाललं होतं हेही आठवावं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दशकानुदशकं या जंगलांतून बांबू जात होता. जंगल तेच, बांबू तोच, तोडणारे हातही तेच होते. फरक पडला तो एवढाच की भाव ठरवण्याचा आणि ‘यंदा इथे तोड नको’ असं म्हणण्याचा अधिकार गावाकडे आला. कोळसापट्ट्याने धानोऱ्याकडून घ्यायची गोष्ट बांबू ही नाहीच. ती आहे हा अधिकार.

इथे कठोरपणे बोलायला हवं, नाहीतर बांबूच्या प्रेमात पडून आपण कामगारांना फसवू. वेकोलिच्या कायम कामगाराचा पगार आणि बांबू तोडणाऱ्याची मोसमी मजुरी यांची बरोबरी होऊच शकत नाही. तेंदूचा हंगाम काही आठवड्यांचा असतो. गडचिरोलीत तेंदूच्या काही कंत्राटदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवल्याचंही घडलं आहे. बांबूला फुलोरा आला की बेटंच्या बेटं वाळून जातात आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. सामूहिक हक्क मिळूनही पूर्व विदर्भातून तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्यांचे लोंढे पूर्ण थांबलेले नाहीत. म्हणून ‘कोळशाऐवजी वनोपज’ असं समीकरण कुणी मांडत असेल तर ते मान्य करू नये. पण कायम कामगाराच्या पगाराशी तुलना करणारे एक विसरतात, की तसा पगार मिळवणारे आता कोळसापट्ट्यातही अल्पसंख्य झाले आहेत. माती उपसणारा, ट्रक चालवणारा, सायडिंगवर काम करणारा, राखेच्या बंधाऱ्यावर राबणारा माणूस कंत्राटी आहे. त्याच्या कमाईशी तुलना केली तर गावाच्या हाती असलेल्या साधनाचं मोल वेगळं दिसू लागतं.

पाण्याच्या बाबतीत हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. चंद्रपूर केंद्राला पाणी मिळतं ते इरई धरणातून, आणि शहराची तहानही तेच धरण भागवतं. २०१०च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा वीज केंद्र बंद ठेवण्याची वेळ आली होती. डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची मर्यादा ठरवली: दर मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर. या मर्यादेतच पाणी वापरलं असं धरलं तरी २१० मेगावॉटचे दोन संच पूर्ण क्षमतेने चालले की दिवसाला साधारण साडेतीन कोटी लिटर पाणी लागतं. २०११च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या ३ लाख २० हजार होती. माणशी १३५ लिटर या सर्वमान्य प्रमाणाने शहराची गरज होते सव्वाचार कोटी लिटरच्या आसपास. म्हणजे केंद्रातल्या सर्वांत लहान दोन संचांचं पाणी जवळजवळ अख्ख्या शहराच्या गरजेला भिडतं. पहिले दोन संच मोडीत निघाले तेव्हा नवे, मोठे संच त्याच केंद्रात आल्यामुळे या पाण्याचा प्रश्न पुढे आलाच नाही. पुढच्या वेळी तो येईल. आज ते आरक्षण वीज केंद्राच्या नावे आहे. संच गेल्यावर ते आपोआप इरईकाठच्या शेतीकडे किंवा नळांकडे वळणार नाही. जो आधी अर्ज करेल, ज्याची पोच मोठी असेल, त्याच्याकडे जाईल. सिंचनाखालच्या शेतीत किती माणसं राबतात याचा विचार केला तर पाण्याचं हे आरक्षण सौर प्रकल्पापेक्षा कितीतरी जास्त हातांना काम देऊ शकतं.

सौर ऊर्जेचा उल्लेख आलाच आहे तर तिच्याकडून ठेवायच्या अपेक्षाही तपासू. सौर प्रकल्प उभारताना पुष्कळ माणसं लागतात, चालवताना फार थोडी. शिवाय ऊन जिथे जास्त आणि जमीन जिथे स्वस्त तिथे ते जातात. चंद्रपुरात ते यावेत असा काही नियम नाही. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत गावोगावच्या उपकेंद्रांजवळ छोटे प्रकल्प उभारले जात आहेत, आणि खाणीच्या पडीक जमिनीवर असा प्रकल्प ग्रामपंचायतीच्या मालकीचा असेल तर भाड्याचं आणि विजेचं उत्पन्न गावात राहील. तोच प्रकल्प कोळसा कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेवर बाहेरच्या कंपनीचा असेल तर गावाच्या वाट्याला पहारेकऱ्याच्या चार नोकऱ्या येतील. पॅनेल तेच, सूर्य तोच. दुसरा पर्याय म्हणून हल्ली गडचिरोलीला ‘पोलाद नगरी’ म्हटलं जातं. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज निघतं, कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे, घुग्घुसला स्पाँज आयर्न आधीपासून आहे. रोजगार येतो आहे हे खरं, आणि ज्या तालुक्यांत दुसरं काही नव्हतं तिथे त्याचं स्वागत होणं स्वाभाविक आहे. पण हे आपल्याकडे कोळशानेच चालणारे उद्योग आहेत. चंद्रपूर २००९च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होतं. तिथल्या चाळीस वर्षांच्या अनुभवातून काहीही न शिकता तोच करार नव्या खनिजावर लिहायचा, याला स्थित्यंतर म्हणणं कठीण आहे.

वाघांचा मुद्दा टाळता येणार नाही. ताडोबाचं जंगल खाणींना जवळजवळ चिकटून आहे. मातीच्या जुन्या ढिगाऱ्यांवर आणि वीज केंद्राच्या आवारात झुडपं माजली आणि वाघ-बिबटे तिथे वस्तीला आले. फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्राच्या आवारातच कामावरून परतणाऱ्या कामगाराचा बळी गेला. तेव्हा मोकळी होणारी जमीन वनविभागाला द्या आणि व्याघ्रमार्ग रुंद करा, अशी मागणी निसर्गप्रेमींकडून होईल. तिच्यात तथ्य आहे. २००९मध्ये लोहाऱ्याची प्रस्तावित खाण लोकांच्या आंदोलनामुळे थांबली नसती तर आज ताडोबाच्या दक्षिणेचा रस्ता वाघांना बंद झाला असता. पण मोहर्ली, आगरझरी, कोलारा या भागांत पर्यटनाने गावांना जो थोडाफार पैसा मिळाला तो प्रवेशशुल्कातला वाटा आणि मार्गदर्शकाची कामं गावाकडे राहिली म्हणून. वाघासाठी जमीन सोडायची असेल तर तीही गावाने ठरवून सोडावी, आणि मोबदला एकरकमी हातावर ठेवण्यापेक्षा दरवर्षीच्या वाट्याच्या रूपात यावा.

मग पैसा कुठून? काही पैसा आजच जमा होतो आहे. कोळशावर १४ टक्के स्वामित्वधन आहे, आणि खनिज कायद्यातल्या २०१५च्या सुधारणेनंतर जुन्या पट्ट्यांवर त्याच्या ३० टक्के, नव्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जाते. शंभर रुपयांच्या कोळशामागे जुन्या खाणीतून ४ रुपये २० पैसे, नव्यातून १ रुपया ४० पैसे. हा पैसा रस्ते, इमारती, साहित्य खरेदी अशा कामांवर खर्च होतो. पण हे उत्पन्न खाणीच्या आयुष्याएवढंच आहे आणि ज्या दिवशी त्याची खरी गरज पडेल त्या दिवशी ते थांबलेलं असेल. त्यातला ठराविक भाग आजपासून वेगळा साठवला, आणि त्याच्या व्याजावर खाणबाधित ग्रामसभांचा निर्णयाधिकार ठेवला, तर कुणाकडे नवा निधी मागण्याची वेळ येणार नाही. ग्रामसभांना एवढा पैसा सांभाळता येईल का, अशी शंका शहरातून घेतली जाते. मेंढ्याने पॅन कार्ड काढून, स्वतः हिशेब ठेवून कोटीचा व्यवहार सांभाळला, हे त्या शंकेला उत्तर आहे. कोळसापट्टा बहुतांश राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या बाहेर असल्यामुळे तिथल्या ग्रामसभांना, अनुसूचित क्षेत्रांसाठी असलेल्या पेसा कायद्याचे अधिकार नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. त्यासाठी राज्य सरकारला वेगळा नियम करावा लागेल, आणि कोळसाधारी क्षेत्राच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा लागेल.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेतो. जमीन आणि पाणी गावांना द्या म्हटलं तर ज्यांना इथे गावच नाही त्यांचं काय? बल्लारपूर, घुग्घुस, माजरीच्या वस्त्यांत तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी कुटुंबं तीन-तीन पिढ्यांपासून आहेत. त्यांनी इथली खाण खोदली, पण त्यांच्या नावावर इथला सातबारा कधी नव्हता. ग्रामसभेच्या हक्काची भाषा त्यांना सहज बाहेर ठेवू शकते, आणि धानोऱ्याच्या उदाहरणात याचं उत्तर सापडत नाही, कारण मेंढ्यात सगळेच गावचे होते. दक्षिण आफ्रिकेत ऑक्टोबर २०२२मध्ये कोमाटीचं वीज केंद्र बंद झालं तेव्हा कायम कर्मचाऱ्यांना दुसऱ्या केंद्रांत सामावून घेतलं गेलं. फटका बसला तो कंत्राटी कामगारांना आणि त्यांच्यावर चालणाऱ्या दुकानांना. स्पेनने २०१८मध्ये खाणी मिटवण्याआधी कामगार संघटनांशी लेखी करार केला, वय झालेल्यांना लवकर निवृत्ती दिली, मग खाणींना टाळं लागलं. चंद्रपुरात या कराराची पहिली पायरी म्हणजे यादी. कंत्राटी कामगार कोण, किती वर्षांपासून, कोणत्या खाणीवर, हे कंत्राटदाराच्या वहीत असतं आणि कंत्राटदार बदलला की वहीही बदलते. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीची कपात कंत्राटी कामगारांचीही व्हायला हवी, असा नियम आहे. प्रत्येक खाणीसाठी ती नोंद पूर्ण करून घेतली, खाण बंद करण्याच्या आराखड्याला ती जोडली, आणि वसाहतीतल्या घराचा हक्क त्या नोंदीवर दिला, तर खाण मिटेल त्या दिवशी गावकऱ्याकडे जमिनीचा कागद असेल आणि बाहेरून आलेल्या कामगाराकडे निदान घराचा.